जंगलाच्या मातीत निसर्गतः तयार होणारी क्लोरीनयुक्त संयुगे: राधानगरीच्या एका झऱ्याच्या निमित्ताने

जांभाखडक (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

कोल्हापुरातील एका कनिष्ठ महाविद्यालयात मी २८ वर्षे रसायनशास्त्र शिकवले. कार्बनला जोडलेला क्लोरीन कुठे सापडला, तर तो माणसाच्या कारखान्यातून आला असे समजावे, हे वाक्य मी त्या काळात दरवर्षी फळ्यासमोर उभे राहून ठामपणे सांगितले. हे वाक्य चूक आहे. त्या चुकीचा भुर्दंड एका कुटुंबाला सोसावा लागला, म्हणून हा धागा काढत आहे.

राधानगरी तालुक्यात, अभयारण्याच्या कडेला एक वाडी आहे आणि तिचा बारमाही झरा आहे. मागच्या वर्षी वाडीतील तरुण मुलांनी वर्गणी काढून त्या पाण्याची सविस्तर तपासणी एका खासगी प्रयोगशाळेकडून करून घेतली. अहवालात बाकी सर्व काही ठीक होते. फक्त ‘शोषणक्षम कार्बनी हॅलोजन’ (म्हणजे कार्बनला जोडलेले क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन यांची बेरीज) या ओळीपुढे शून्याऐवजी एक लहानसा आकडा होता. झऱ्याच्या वरच्या अंगाला एकाच कुटुंबाची नाचणीची आणि भाताची खाचरे आहेत. त्यांनी काहीतरी औषध मारले असणार, अशी कुजबुज सुरू झाली. मुलांपैकी एक माझा जुना विद्यार्थी. त्याने मला फोनवर विचारले आणि मी नेहमीचे वाक्य त्याला ऐकवले. सरांनीच सांगितले म्हटल्यावर कुजबुजीचा आरोप झाला. पुढचे चार महिने त्या घरच्या बाईमाणसांना झऱ्यावर घागर लावताना लोक तोंड फिरवत होते.

नंतर त्याच अहवालाचा नीट अर्थ लावण्यासाठी मी वाचायला बसलो आणि वाचता वाचता माझ्या लक्षात आले की, ज्या जंगलाच्या पालापाचोळ्यातून ते पाणी झिरपते, तो पालापाचोळाच कार्बनला क्लोरीन जोडण्याचे काम अखंड करत असतो. मी वाडीवर जाऊन त्या कुटुंबाची आणि सर्वांसमोर गावाचीही क्षमा मागितली. आता जे समजले ते येथे लिहून ठेवतो.

आधी शब्दाविषयी. आपल्याकडे ‘सेंद्रिय’ म्हटले की खत आणि गूळ आठवतो, त्यामुळे ‘सेंद्रिय क्लोरीन’ असे लिहिले तर गैरसमज होतो. म्हणून मी ‘कार्बनी’ हा शब्द वापरतो. मिठातला क्लोरीन हा क्लोराइड आयन आहे. तो पाण्यात मोकळा फिरतो. कार्बनी क्लोरीन म्हणजे कार्बनच्या अणूला थेट बंधाने जोडलेला क्लोरीन. डीडीटी, शेतकरी ज्याला गॅमेक्सिन म्हणत ती पावडर, एंडोसल्फान ही सर्व कीटकनाशके याच जातीची, आणि म्हणूनच आपल्या मनात या बंधाची भीती बसली आहे.

या विषयाला वळण मिळाले ते स्वीडनमध्ये. १९८० च्या दशकात तेथे कागदाच्या कारखान्यांवर मोठा वाद चालू होता, कारण लाकडाचा लगदा क्लोरीनने पांढरा करताना कार्बनी क्लोरीन पाण्यात जात असे. ते मोजण्यासाठी एक ढोबळ पण उपयुक्त पद्धत रूढ झाली. पाण्यातील कार्बनी पदार्थ सक्रिय कोळशावर शोषून घ्यायचे, क्लोराइड धुऊन टाकायचे, कोळसा जाळायचा आणि जळून सुटलेला हॅलोजन चांदीच्या आयनांनी मोजायचा. लिंकोपिंग विद्यापीठातील आस्प्लुंड आणि ग्रिमवाल यांनी हीच मोजणी कारखान्यांपासून फार दूर असलेल्या तलावांवर केली, आणि तेथेही हा आकडा शून्य येईना. त्यांचा निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला: निसर्गातील कार्बनी हॅलोजन पूर्वी समजत होते त्यापेक्षा फार सर्वदूर आहेत. त्यानंतर मातीची तपासणी झाली. वनभूमीच्या वरच्या कुजक्या थरात किलोमागे काही दशक ते काहीशे मिलिग्रॅम कार्बनी क्लोरीन असतो, आणि पुष्कळ ठिकाणी तो त्याच मातीतल्या क्लोराइडपेक्षा अधिक भरतो. मातीत तो साधारण फॉस्फरसइतक्या प्रमाणात असतो, हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो. फॉस्फरसवर आपण प्रकरणेच्या प्रकरणे शिकवतो.

हे घडते कसे, हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो.

पाऊस समुद्रावरून येताना मिठाचे सूक्ष्म कण घेऊन येतो. राधानगरी अभयारण्यातल्या दाजीपूरपासून अरबी समुद्र सरळ रेषेत जेमतेम ५०-६० किलोमीटरांवर आहे, तेव्हा नैर्ऋत्य मोसमी पावसाबरोबर क्लोराइड आपल्या डोंगरावर उतरतो यात आश्चर्य नाही. तो पालापाचोळ्यात मुरतो. तेथे लाकूड आणि पाने कुजवणाऱ्या बुरशी हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करत असतात. क्लोरोपेरॉक्सिडेज नावाचे विकर (एन्झाइम, म्हणजे सजीवांतली रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन) या पेरॉक्साइडच्या साहाय्याने क्लोराइडचे ऑक्सिडीकरण करते आणि त्यातून हायपोक्लोरस आम्लाच्या तोडीचा क्रियाशील क्लोरीन तयार होतो. हा क्लोरीन जवळच्या कार्बनी रेणूला, विशेषतः लिग्निनच्या (लाकडाला टणकपणा देणाऱ्या पदार्थाच्या) आणि ह्यूमसच्या (पाला कुजून उरणाऱ्या तपकिरी पदार्थाच्या) कार्बन-वलयांना, जाऊन चिकटतो. लॉवेल हेगर यांच्या प्रयोगशाळेने हे विकर एका काजळी बुरशीपासून १९६६ मध्ये शुद्ध करून दाखवले होते. त्याच तऱ्हेची क्रियाशीलता पुढे स्वीडनमधील स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षाच्या वनमातीत आढळली.

गावच्या विहिरीत पाणी निर्जंतुक करण्यासाठी आपण टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकतो तेव्हा पाण्यात हेच हायपोक्लोरस आम्ल तयार होते. म्हणजे टीसीएल टाकल्यावर जे रसायन घडते, त्याचे अगदी मंद आणि सूक्ष्म रूप जंगलाच्या तळाशी प्रत्येक ओल्या पानाखाली चालू असते.

आपणांपैकी कोणी शेती, पाणी, वनस्पती किंवा बुरशी यांच्याशी जवळून संबंधित असेल, तर कृपया भर घालावी. माझे काही चुकत असेल तर तेही स्पष्ट सांगावे.

कवकवेडी

सर, आपण हे जाहीरपणे लिहिलेत याबद्दल मनापासून आदर वाटतो. मी बुरशींवर काम करते आणि सह्याद्रीत पावसाळाभर फिरते, म्हणून माझ्या बाजूने थोडे.

आपण विकरांचा उल्लेख केलात, पण बुरशी हे काम केवळ अपघाताने करत नाहीत. काही बुरशी क्लोरीनयुक्त संयुगे ठरवून तयार करतात आणि त्यांना त्यांचा उपयोग असतो. दाजीपूरच्या वाटेवर जांभळाचा किंवा हिरड्याचा एखादा पडलेला ओंडका आपण पाहिला असेल. त्याची साल सुटलेली असते, लाकूड पांढुरके आणि तंतुमय झालेले असते, नखाने ओढले तर ओल्या कापसासारखे सुटते, आणि कडेने पंख्याच्या आकाराची करडी फळे एकावर एक आलेली असतात. या प्रकाराला पांढरी कुज म्हणतात. लिग्निन फोडणे ही फार थोड्या सजीवांना जमणारी गोष्ट आहे आणि या बुरशींना ती जमते. त्यासाठी त्यांना सतत हायड्रोजन पेरॉक्साइड लागते. ब्यर्कान्डेरा या बुरशीवर नेदरलँड्समधील वागेनिंगेन येथे झालेल्या कामातून असे दिसले की, ती क्लोरीन जोडलेली ॲनिसिल अल्कोहोल ही लहान संयुगे तयार करते, त्यांचे ऑक्सिडीकरण करून पेरॉक्साइड मिळवते आणि उरलेला रेणू पुन्हा मूळ रूपात आणून परत वापरते. साधा ॲनिसिल अल्कोहोल असता तर बुरशीच्याच लिग्निन फोडणाऱ्या विकराने तो खाऊन टाकला असता. क्लोरीन जोडला की तो रेणू त्या विकरापासून बचावतो. म्हणजे येथे क्लोरीन हे चिलखत आहे.

त्याच संशोधक गटाने १९९४ मध्ये जंगलातील कुजके लाकूड आणि पाचोळा थेट तपासला तेव्हा अशा क्लोरीनयुक्त ॲनिसिल संयुगांचे प्रमाण किलोमागे ७५ मिलिग्रॅमपर्यंत आढळले. हे कोणत्याही कारखान्याच्या सांडपाण्याने भिजलेले लाकूड नव्हते.

दुसरा उपयोग म्हणजे शस्त्र. मातीत जागेसाठी आणि अन्नासाठी सतत झुंज चालू असते. ग्रिसिओफुल्विन हे नायट्यावरचे जुने औषध १९३९ मध्ये पेनिसिलियम या बुरशीच्या एका जातीतून मिळाले, त्यात क्लोरीन आहे. व्हेनेझुएलाच्या मातीतील जिवाणूपासून १९४७ मध्ये मिळालेल्या क्लोरॅम्फेनिकॉलमध्ये क्लोरीनचे दोन अणू आहेत. विषमज्वरावर ज्या घरांत ते दिले गेले, त्या घरांत मातीतला कार्बनी क्लोरीनच औषध म्हणून आला होता. बोर्निओच्या मातीतून आलेल्या व्हँकोमायसिन या प्रतिजैविकामध्येही तो आहे. क्लोरटेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक तर अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत, आपले भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञ यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या देखरेखीखाली, बेंजामिन डगर यांनी मातीतील जिवाणूपासून मिळवले आणि १९४८ मध्ये ते जगासमोर आले. नावातच क्लोर आहे आणि तरीही आपण निसर्गात तो बंध नसतो असे शिकत राहिलो.

ऊसकरी

मी करवीर तालुक्यातला शेतकरी. रसायनशास्त्र बारावीपर्यंतच झाले, परंतु सरांच्या वाक्यावर माझा एक प्रश्न आहे आणि तो मनापासूनचा आहे. बारावीला आम्ही लॅसेनची कसोटी करत होतो. सोडियमबरोबर पदार्थ तापवायचा, पाण्यात विझवायचा, सिल्व्हर नायट्रेट घालायचे, पांढरा साका आला की क्लोरीन. मग जंगलातली चिमूटभर माती घेऊन हीच कसोटी केली तर आपल्याला घरबसल्या उत्तर मिळणार नाही का?

जांभाखडक (धागाकर्ता)

फार चांगला प्रश्न आहे, आणि याच ठिकाणी मी स्वतः अनेक दिवस अडखळलो होतो.

साका येईल, पण त्यावरून काहीही सिद्ध होणार नाही. मातीत मुळातच पावसाचा क्लोराइड आहे, तो आपण कसोटी करण्याआधीही सिल्व्हर नायट्रेटबरोबर साका देईल. तांब्याची तार ज्योतीत धरून हिरवा रंग पाहण्याची बाइलस्टाइन कसोटीही येथे उपयोगी नाही, कारण ती क्लोरीन आहे एवढेच सांगते, तो कुठे जोडलेला आहे हे सांगत नाही.

म्हणून मातीची मोजणी करताना आधी तिला आम्लयुक्त नायट्रेटच्या द्रावणाने पुन्हा पुन्हा धुतात. नायट्रेट आयन मातीवरच्या क्लोराइडची जागा घेतो आणि क्लोराइड पाण्याबरोबर निघून जातो. कार्बनला जोडलेला क्लोरीन मात्र धुतल्याने सुटत नाही. मग ती धुतलेली माती ऑक्सिजनच्या प्रवाहात सुमारे १००० अंश सेल्सिअसला जाळतात आणि सुटलेला हायड्रोजन क्लोराइड चांदीच्या आयनांशी मोजतात. तत्त्व आपल्या लॅसेनचेच आहे, फक्त आधीच्या धुण्यावर सगळे अवलंबून आहे.

यावरही शंका घेणारे होते. धुण्यात कसर राहिली असेल तर, असे ते म्हणत, आणि ती शंका रास्त होती. तिचे उत्तर क्ष-किरणांनी दिले. प्रिन्स्टन विद्यापीठातील सतीश म्येनेनी यांनी २००२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवले की, क्लोरीनच्या अणूवर ठरावीक ऊर्जेचे क्ष-किरण टाकले तर तो मोकळा क्लोराइड आहे की कार्बनला जोडलेला आहे हे पदार्थ न धुता, न जाळता ओळखता येते. वनस्पतींच्या ताज्या पानांत बहुतेक सगळा क्लोरीन क्लोराइडच्या रूपात असतो. तीच पाने जमिनीवर पडून कुजू लागली की हळूहळू तो कार्बनला जोडला जातो. एकाच पानाच्या कुजण्याच्या प्रवासात हा बदल दिसतो, त्यामुळे तो बाहेरून आलेला नाही हे स्पष्ट झाले.

पंचगंगाकाठ

सर, आपल्या प्रामाणिकपणाविषयी शंका नाही, पण मला या धाग्याची काळजी वाटते. आम्ही अनेक वर्षे पंचगंगेच्या प्रदूषणाविरुद्ध अर्ज-विनंत्या करत आहोत. उद्या नदीत क्लोरीनयुक्त काही सापडले की एखादा कारखानदार उठून म्हणेल, ‘हे तर जंगलातूनच येते.’ निसर्गातही आहे, म्हणून माणसाने केले तरी चालते, या युक्तिवादाला आपण हातभार लावत नाही ना?

जांभाखडक (धागाकर्ता)

आपली काळजी मी हलकी मानत नाही. उलट ती या विषयाच्या मुळाशी आहे.

‘कार्बनी हॅलोजन’ हा एक बेरजेचा आकडा आहे. त्या बेरजेत ह्यूमसच्या हजारो अणूंच्या गुंत्यात अडकलेला एखादा क्लोरीनही येतो आणि डीडीटीही येतो. जंगलातील मातीत जे तयार होते त्यातील बहुतांश क्लोरीन मोठ्या ह्यूमस रेणूंच्या वलयांवर एकेकटा विखुरलेला असतो. डीडीटी किंवा गॅमेक्सिनमधल्या लिंडेनमध्ये एकाच लहान रेणूवर पाच-सहा क्लोरीन असतात, तो रेणू चरबीत विरघळतो आणि माशातून पक्ष्यात, पक्ष्यातून पुढे साचत जातो. २००१ च्या स्टॉकहोम करारात जी रसायने आली ती क्लोरीन असल्यामुळे आली नाहीत. ती टिकतात, साचतात, दूरवर जातात आणि अपाय करतात, म्हणून आली. तेव्हा नदीत काय सापडले याचे उत्तर बेरजेच्या आकड्याने देता येत नाही, संयुगाचे नाव सांगावे लागते. नाव सांगितले की कारखानदाराला जंगलाआड लपता येत नाही, आणि वाडीवरच्या नाचणीवाल्या कुटुंबाला विनाकारण आरोपी व्हावे लागत नाही. नाव न विचारल्यामुळेच त्या कुटुंबावर अन्याय झाला आणि तो मी केला.

निसर्गनिर्मित म्हणजे निरुपद्रवी, असेही मला म्हणायचे नाही. दक्षिण आफ्रिकेतील ‘गिफब्लार’ या झुडपात फ्लोरोॲसिटेट असते आणि त्याच्या थोड्या पानांनी गुरे मरतात. ते फ्लोरीनचे नैसर्गिक कार्बनी संयुगच आहे.

पाणवठा

मी शाहूवाडी तालुक्यातील एका ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठ्याचे काम पाहतो. सरांनी टीसीएलचा उल्लेख केला म्हणून लिहितो.

पावसाळ्याच्या तोंडावर आम्हाला टीसीएल जास्त टाकावी लागते, कारण पाणी लालसर-तपकिरी येते. पाचोळ्याचा रंग त्यात उतरलेला असतो. अशा पाण्यात टाकलेला क्लोरीन लवकर ‘खाल्ला’ जातो, पाण्यात क्लोरीन उरला का हे पाहण्याच्या ओटी (ऑर्थोटोलिडिन) कसोटीत पिवळा रंग यायला दुप्पट पावडर लागते. वरिष्ठांनी प्रशिक्षणात एवढेच सांगितले होते की गढूळ पाणी क्लोरीन खाते. तो जातो कुठे, हे कोणी सांगितले नव्हते. सरांचे वाचून असे वाटते की तो त्या तपकिरी रंगालाच चिकटत असावा. हे बरोबर आहे का? आणि तसे असेल तर आपण गावाला जे पाजतो त्यात काय असते?

जांभाखडक (धागाकर्ता)

अगदी बरोबर आहे. रॉटरडॅमच्या पाणीपुरवठ्यात काम करणाऱ्या योहानेस रूक यांनी १९७४ मध्ये हेच दाखवले. नदीच्या पाण्यातील तपकिरी ह्यूमस आणि निर्जंतुकीकरणाचा क्लोरीन यांच्या क्रियेतून क्लोरोफॉर्म आणि त्याची भावंडे तयार होतात. क्लोरीनचा एक भाग ह्यूमसचे ऑक्सिडीकरण करण्यात क्लोराइड होऊन संपतो आणि एक भाग कार्बनला जोडला जातो.

परंतु यावरून टीसीएल कमी करण्याचा विचार कोणीही करू नये, हे मी हात जोडून सांगतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, क्लोरोफॉर्मची मर्यादा लिटरला ०.२ मिलिग्रॅम आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शक मूल्य ०.३ मिलिग्रॅम आहे. गॅस्ट्रो आणि कावीळ यांचा धोका त्यापुढे कितीतरी मोठा आणि तातडीचा आहे. करण्यासारखी गोष्ट एकच, ती म्हणजे टीसीएल टाकण्याआधी पाणी निवळू द्यावे, तुरटी फिरवावी, गाळून घ्यावे. जेवढा पाचोळ्याचा रंग आधी निघेल तेवढी पावडरही कमी लागेल आणि हे उपपदार्थही कमी होतील.

याच क्लोरोफॉर्मची जंगलातली गोष्ट सांगायची राहिली. नेदरलँड्समध्ये हुकस्ट्रा आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाअखेर डग्लस फरच्या जंगलातील मातीत क्लोरीनच्या ३७ वस्तुमानांकाच्या समस्थानिकाने (त्याच मूलद्रव्याच्या वेगळ्या वजनाच्या अणूंनी) समृद्ध केलेले मीठ घातले. निसर्गात क्लोरीनचे साधारण तीन-चतुर्थांश अणू ३५ चे आणि एक-चतुर्थांश ३७ चे असतात. काही काळाने मातीतून निघालेल्या क्लोरोफॉर्ममध्ये ३७ चे प्रमाण वाढलेले आढळले. म्हणजे तो क्लोरोफॉर्म बाहेरून आलेला नव्हता, तेथेच, त्यांनी घातलेल्या मिठापासून तयार झालेला होता. इतका स्वच्छ प्रयोग वाचायला मिळणे हे शिक्षकाचे भाग्य असते.

डेन्मार्कमध्ये तर स्प्रूसच्या जंगलाखालील भूजलात क्लोरोफॉर्म सापडला आणि आसपास कारखाना नव्हता. तेथे कार्बनच्या समस्थानिकांवरून निवाडा झाला. औद्योगिक क्लोरोफॉर्ममध्ये कार्बन-१३ चे प्रमाण बरेच कमी असते. भूजलातील क्लोरोफॉर्मचा कार्बन मात्र वनमातीतील कुजलेल्या पदार्थांशी जुळला. मघाशी ‘पंचगंगाकाठ’ यांनी विचारलेल्या प्रश्नाचे हे प्रत्यक्ष उत्तर आहे. नैसर्गिक आणि औद्योगिक यांतला फरक ओळखता येतो, फक्त तो ओळखण्याचे कष्ट घ्यावे लागतात.

घरचा_मसाला

मी रसायनशास्त्राची नाही. दरवर्षी उन्हाळ्यात कांदा-लसूण मसाला करून विकते. पण ‘कवकवेडी’ ताईंनी बुरशीचे लिहिले म्हणून विचारते. आम्ही मसाल्यात दगडफूल घालतो. ते झाडाच्या सालीवर आणि खडकावर वाढते, आणि ते बुरशीच असते असे ऐकले आहे. मग त्यातही हा क्लोरीन असतो का?

कवकवेडी

ताई, असतो. दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचे सहजीवन आहे, त्याला शैवाक किंवा लायकेन म्हणतात. आपण दगडफुलाचा एक तुकडा हातात घेऊन पाहा. वरची बाजू करडी-पांढुरकी असते आणि खालची काळपट. त्या वरच्या करड्या पापुद्र्यात ॲट्रॅनोरिन आणि क्लोरोॲट्रॅनोरिन ही संयुगे असतात. क्लोरोॲट्रॅनोरिनमध्ये क्लोरीनचा एक अणू कार्बनच्या वलयाला जोडलेला असतो. पिढ्यान्‌पिढ्या आपण ते तेलात परतून खात आलो आहोत, मसाल्यात त्याचे प्रमाण चिमूटभर असते, आणि त्याची भीती बाळगण्याचे कारण नाही.

सरांनी विहिरीचे उदाहरण दिले, तसे हे स्वयंपाकघरातले. आपल्या गळ्यातील थायरॉइड ग्रंथी जो थायरॉक्सिन बनवते त्यात आयोडीनचे चार अणू कार्बनला जोडलेले असतात, म्हणजे कार्बन-हॅलोजन बंध आपण स्वतःच्या शरीरातही तयार करतो. मीठ आयोडीनयुक्त का घेतो, तर हा बंध जोडण्यासाठी.

ऊसकरी

जांभ्याविषयी विचारायचे राहिले. आमच्याकडे गगनबावड्याच्या बाजूला सगळी लाल माती आहे, लोखंड भरपूर. या रसायनात त्याचा काही भाग आहे का, की सर्व काही बुरशीच करते?

जांभाखडक (धागाकर्ता)

भाग आहे, आणि माझे सदस्यनाम जांभ्याचेच असल्याने या प्रश्नाची मी वाटच पाहत होतो.

जर्मनीतील हायडेलबर्ग येथील केप्लर आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवले की सजीव किंवा विकर नसतानाही हे घडू शकते. कुजणाऱ्या कार्बनी पदार्थाला तीन संयुजेचे लोह भेटले आणि जवळ क्लोराइडसारखा हॅलाइड आयन असला, तर लोह त्या पदार्थाचे ऑक्सिडीकरण करते आणि त्या ओघात क्लोरोमिथेन, ब्रोमोमिथेन, आयोडोमिथेन असे लहान वायुरूप रेणू सुटतात. लिग्निनच्या तुकड्यांवरचे मिथॉक्सी गट त्यासाठी मिथिल पुरवतात. जांभा म्हणजे लोहाच्या आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांचा खडक. वर पाचोळा, खाली लोह आणि मधून समुद्राचा क्लोराइड आणणारा पाऊस, या तिन्ही गोष्टी आपल्या घाटमाथ्यावर एकत्र आलेल्या आहेत. तरीही एकंदर वनमातीत बुरशी आणि जिवाणूंचा वाटा मोठा मानला जातो. स्वीडनमधील बास्टविकेन यांनी किरणोत्सर्गी क्लोरीन-३६ वापरून २००९ मध्ये दाखवले की, २० अंशांना जोडणी वेगाने होते आणि ५० अंशांना ती मंदावते. केवळ निर्जीव रसायन असते तर उष्णतेने वेग वाढायला हवा होता. ५० अंशांना मंदावते ते सजीवांचे काम.

आता वायूंविषयी थोडक्यात. क्लोरोमिथेन हा वातावरणातील सर्वांत विपुल क्लोरीनयुक्त कार्बनी वायू आहे, हवेच्या एक लाख कोटी रेणूंमागे त्याचे साडेपाचशेच्या आसपास रेणू असतात, आणि त्याचा मोठा वाटा निसर्गातून येतो: उष्ण कटिबंधातील वृक्ष आणि वृक्ष-नेचे, लाकूड कुजवणारी फेलिनससारखी बुरशी, समुद्र, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात डोंगर काळे करणारे वणवे. भाताच्या खाचरांतूनही क्लोरीन, ब्रोमीन आणि आयोडीनचे मिथिल वायू निघतात, हे २००० मध्ये मोजले गेले आहे. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर ओझोन नष्ट करणारे शीतकरणाचे वायू कमी होत चालले, तसा ओझोनच्या नाशाच्या हिशेबात या नैसर्गिक वायूंचा टक्का वाढत जाणार आहे.

पंचगंगाकाठ

समस्थानिकांचे उत्तर मला पटले. माझा आक्षेप मी मागे घेत नाही, पण त्याचे रूप बदलतो. यापुढे आमच्या अर्जात आम्ही केवळ ‘कार्बनी हॅलोजन आढळले’ असे न लिहिता संयुगांची नावे आणि वरच्या अंगाच्या स्वच्छ प्रवाहाचा नमुना, दोन्हींची मागणी करू. एक शंका उरते. माती सतत क्लोरीन जोडतच राहिली तर तो साचत का नाही? जंगले हजारो वर्षे जुनी आहेत.

कवकवेडी

कारण तो सोडवणारेही तेथेच असतात. मातीत काही जिवाणू कार्बनी क्लोरीन श्वसनासाठी वापरतात, म्हणजे आपण जसा ऑक्सिजनवर इलेक्ट्रॉन सोपवतो तसे ते क्लोरीनयुक्त रेणूवर सोपवतात आणि क्लोराइड मोकळा करतात. डिहॅलोकॉकॉइड्स हे त्यांतील प्रसिद्ध नाव. प्रदूषित भूजल स्वच्छ करण्यासाठी आज त्यांचा वापर होतो. माणसाने ही रसायने शोधून अवघे शतक झाले असताना त्यांना फोडणारे जिवाणू आधीपासून तयार कसे होते, याचे उत्तर या धाग्यातच आहे. त्यांच्या पूर्वजांना जंगलाच्या मातीने हे अन्न फार पूर्वीपासून पुरवले आहे. म्हणून दाजीपूरची किंवा एखाद्या देवराईची न उकरलेली माती ही मला या जिवाणूंची बँक वाटते. बॉक्साइट या ॲल्युमिनियमच्या खनिजासाठी वरचा थर खरवडून नेला की पाचोळ्याबरोबर हेही जाते.

पाणवठा

सर, आमच्याकडेही वरच्या जंगलातून येणारा एक झरा आहे आणि खाली टीसीएल टाकलेली टाकी. दोन्हींचे नमुने तपासायला पाठवायचे ठरवले आहे. पाणी कसे भरायचे ते सांगावे, म्हणजे आकड्यावरून पुन्हा कोणाच्या दारात भांडण जायला नको.

जांभाखडक (धागाकर्ता)

गडद तपकिरी काचेच्या बाटल्या घ्याव्यात, प्लास्टिकच्या नकोत. क्लोरोफॉर्म उडून जातो, म्हणून बाटली काठोकाठ भरून बुडबुडा न ठेवता झाकण लावावे आणि उलटी करून पाहावी. टाकीच्या नमुन्यासाठी प्रयोगशाळेकडून सोडियम थायोसल्फेट घातलेली बाटली मागून घ्यावी, नाहीतर उरलेला क्लोरीन वाटेतही काम करत राहतो. बर्फाच्या डब्यातून त्याच दिवशी पोचवावे. अर्जात केवळ बेरीज न मागता क्लोरोफॉर्म आणि कीटकनाशके नावानिशी मागावीत.

तीन नमुने लागतील. एक टाकीचा, एक झऱ्याचा, आणि एक सर्व शेतांच्या वर, जेथे माणसाचे काहीच नाही अशा ओघळीचा. राधानगरीच्या वाडीवर हा तिसरा नमुना कोणी घेतला नव्हता. पाऊस ओसरला की आम्ही तो घेणार आहोत. वरची वाट त्या नाचणीवाल्या घरातल्या आजींना माहीत आहे, आणि त्या स्वतः बरोबर येते म्हणाल्या आहेत. आपणही त्याच आठवड्यात आपले नमुने भरावेत, म्हणजे दोन्ही अहवाल शेजारी ठेवून येथेच पाहता येतील.